‘इमेज’ उतरली, पडदा मात्र काळा!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा संपला आणि मुंबईच्या उपनगरांतील असंख्य कार्यालयांपुढे एकच काम येऊन उभे राहिले. ते काम म्हणजे जुने संगणक बदलणे, अथवा असलेल्या संगणकांवर नवी कार्यप्रणाली चढवणे. दिंडोशीचेच उदाहरण घ्यावे. येथे नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे, त्या अनुषंगाने वकिलांची कार्यालये आहेत, झेरॉक्स व टंकलेखनाची दुकाने आहेत. महामार्गाने थोडे दक्षिणेला गेले की निर्लॉन आणि नेस्कोच्या आवारातील मोठ्या कंपन्या लागतात. पाच संगणकांचे कार्यालय असो वा पाचशेंचे, पद्धत साधारण सारखीच असते. एक संगणक मनाजोगा सज्ज करायचा, त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत म्हणजेच ‘इमेज’ काढायची आणि ती उरलेल्या सर्वांवर उतरवायची.

हे काम बहुधा शनिवारी रात्री होते. सोमवारी सकाळी कर्मचारी येतात तेव्हा काही पडदे काळे असतात, काहींवर अक्षरे बोटभर मोठी दिसतात, काहींवर चित्र आडवे ताणलेले असते, आणि एखाद्या टेबलावर सारे काही ठीक दिसत असताना मराठी मजकुराच्या जागी फक्त चौकोन उमटतात. संगणक चालू आहे, माहिती शाबूत आहे, पण कामाला हात लावता येत नाही. बिघाड छोटा असतो, खोळंबा मात्र अख्ख्या कार्यालयाचा होतो.

इमेज उतरवण्याची ही रीत लोकप्रिय केली ती ‘घोस्ट’ने. न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या कंपनीने नव्वदच्या दशकात तयार केलेले हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतले आणि ‘नॉर्टन घोस्ट’ या नावाने ते घरोघरी पोहोचले. पुढे मायक्रोसॉफ्टने ‘व्हिस्टा’पासून स्वतःचा ‘विम’ हा इमेजचा प्रकार आणला. तैवानमध्ये विकसित झालेले ‘क्लोनझिला’ फुकट उपलब्ध झाले. साधने बदलली, पण पडद्याच्या तक्रारी फारशा बदललेल्या नाहीत. त्याचे कारण सोपे आहे. इमेज ही एका यंत्रावर जन्मते आणि तिला नांदायचे असते दुसऱ्याच यंत्रावर.

आधी पाहावे, अंधार कधी होतो

पडदा काळा दिसला की मॉनिटर बदलण्याची घाई होते. ती टाळावी. संगणक सुरू करताच उत्पादक कंपनीचे बोधचिन्ह दिसते काय, हा पहिला प्रश्न. ते दिसत असेल तर मॉनिटर, वीजपुरवठा आणि केबल यांच्यावर संशय घेण्याचे तातडीचे कारण नाही. ते दिसतच नसेल तर केबल कोठे लावली आहे ते पाहावे. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते, त्याच्या मागे जोडणीच्या दोन जागा असतात, एक मदरबोर्डवरची व दुसरी कार्डावरची. साफसफाईत अथवा टेबल हलवताना केबल निघते आणि पुन्हा लावताना चुकीच्या जागी बसते. इमेजचा याच्याशी काडीचाही संबंध नसतो. पण काम त्याच रात्री झालेले असल्याने खापर इमेजवर फुटते.

बोधचिन्ह दिसले आणि ‘बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाची पांढरी ओळ येऊन सारे थांबले, तर तो पडद्याचा दोषच नव्हे. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रावर काढलेली इमेज यूईएफआय पद्धतीच्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवली की असे होते. तेथे ग्राफिक्सचे सॉफ्टवेअर बदलत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

विंडोजचे फिरते वर्तुळ दिसले आणि त्यानंतर अंधार झाला, तर मात्र दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये किंवा पडद्याच्या मापात आहे असे समजावे. अशा वेळी ‘विंडोज, कंट्रोल, शिफ्ट’ आणि ‘बी’ ही चार बटणे एकदम दाबून पाहावीत. विंडोज १० व ११ मध्ये त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्यानेही चित्र आले नाही तर ‘सेफ मोड’. एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात त्यासाठी एफ-८ दाबणे पुरत असे. विंडोज ८ पासून ती सोय मूळ मांडणीत बंद आहे, त्यामुळे दुरुस्तीच्या मेनूतून जावे लागते. सेफ मोडमध्ये पडदा नीट दिसतो आणि नेहमीच्या पद्धतीने सुरू करताच काळा होतो, एवढे कळले तरी निम्मे निदान झाले.

ड्रायव्हरची उणीव

इमेज काढण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ चालवण्याची प्रथा आहे. त्यामुळे मूळ यंत्राची खास ओळख पुसली जाते आणि नव्या यंत्रावर विंडोज आपले हार्डवेअर नव्याने ओळखू लागते. ओळखीच्या या फेरीत ग्राफिक्सच्या चिपसाठी योग्य ड्रायव्हर इमेजमध्ये सापडला नाही तर विंडोज स्वतःजवळचा कामचलाऊ ड्रायव्हर लावते. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसले की समजावे, पाहुणा अजून ओसरीवरच आहे. विंडोज ७ पर्यंत याच अवस्थेला ‘स्टँडर्ड व्हीजीए’ म्हणत. चित्र दिसते, पण पडद्याचे माप बदलता येत नाही, दुसरा मॉनिटर चालत नाही आणि खिडकी सरकवताना ती रखडत सरकते.

इंटरनेट असलेल्या कार्यालयात काही वेळाने विंडोज अपडेट योग्य ड्रायव्हर आणून देते व तक्रार आपोआप मिटते. मात्र ग्राफिक्सचे ड्रायव्हर आता शेकडो मेगाबाइटचे असतात. चाळीस संगणकांनी एकाच सकाळी एकाच लाइनवरून ते खेचायला सुरुवात केली तर बाकीचे काम ठप्प होते. ज्या कार्यालयांत सुरक्षेच्या कारणास्तव संगणक इंटरनेटपासून तोडलेले असतात, तेथे तर हे आपोआप होणारच नाही. म्हणून ड्रायव्हर आधीच इमेजमध्ये घालणे इष्ट.

त्यासाठी चिपची ओळख पटवावी लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या नोंदीवर जाऊन ‘हार्डवेअर आयडी’ पाहिला की त्यात उत्पादकाचा संकेत मिळतो. इंटेलचा ८०८६, एनव्हिडियाचा १०डीई आणि एएमडीचा १००२. (इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच क्रमांक स्वतःसाठी घेतला आहे, ही गंमत जुन्या मंडळींच्या लक्षात येईल.) त्या चिपचा ड्रायव्हर ‘आयएनएफ’ फाइलसह सुटा मिळवावा, दोनदा क्लिक करून चालणारा इन्स्टॉलर येथे उपयोगाचा नाही. मग ‘डिझम’ या विंडोजच्याच साधनाने तो इमेजमध्ये भरता येतो, त्यासाठी मूळ संगणक पुन्हा सुरू करण्याचीही गरज नसते. एकाच मॉडेलचे नाव असलेल्या संगणकांच्या दोन खेपांत ग्राफिक्सची चिप वेगळी निघू शकते. त्यामुळे मॉडेलचे नाव पाहून निश्चिंत न होता प्रत्येक खेपेतला एक संगणक आधी तपासणे श्रेयस्कर.

स्वयंचलित मांडणीसाठी दिल्या जाणाऱ्या उत्तरांच्या फाइलीत पडद्याची रुंदी, उंची आणि दर सेकंदाला चित्र किती वेळा ताजे व्हावे हे लिहून ठेवण्याची सोय असते. एक्सपीच्या काळापासून ही सोय अनेकांना महागात पडली. पेटीसारख्या जुन्या मॉनिटरवर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ८५ हर्ट्झ ठेवण्याची पद्धत होती. तीच फाइल पुढे सपाट एलसीडी मॉनिटरांसाठी वापरली गेली, आणि ६० वा ७५ हर्ट्झपलीकडे न जाणाऱ्या त्या पडद्यांनी ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून हात वर केले. हे रकाने रिकामे ठेवले तर विंडोज मॉनिटरला विचारून स्वतःच योग्य माप निवडते. जुन्या फाइली वर्षानुवर्षे नकलून वापरणाऱ्यांनी त्या एकदा उघडून पाहायला हरकत नाही.

मॉनिटरला विचारायचे तरी कसे? निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये पंधरा पिनांपैकी बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर आपली माहिती संगणकाला कळवतो. स्वस्त केबलमध्ये या तारा कधी कधी जोडलेल्याच नसतात, किंवा पिन वाकून तुटलेली असते. मग चित्र येते, पण संगणकाला समोर कोण आहे ते कळत नाही. तो ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ अशी नोंद करतो आणि बेताच्या मापावर थांबतो. नव्या छोट्या संगणकांना व्हीजीए जोडणी नसते आणि जुने मॉनिटर तर ठेवायचे असतात. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून कन्व्हर्टर आणले जातात, आणि काही स्वस्त कन्व्हर्टर हीच माहिती अडवून ठेवतात. केबल शेजारच्या चांगल्या संगणकाशी अदलाबदल करून पाहणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे. इमेज पुन्हा उतरवण्यापूर्वी तो अवश्य करावा.

मराठी अक्षरांचे काय?

इंग्रजी नीट दिसते म्हणजे पडदा ठीक, असे तंत्रज्ञ गृहीत धरतो. सोमवारी पोलिसांचा पंचनामा किंवा सोसायटीचे इतिवृत्त उघडणाऱ्याला मात्र वेगळाच अनुभव येतो. एक्सपीमध्ये भारतीय लिपींसाठीच्या फाइली मुद्दाम चालू कराव्या लागत. त्या न करता काढलेल्या इमेजवर वेलांट्या आणि जोडाक्षरे सुटी सुटी पडत. व्हिस्टापासून ही अडचण गेली. विंडोज १० ने नवी आणली. देवनागरीसाठी त्यात ‘निर्मला’ हा फाँट मुळातच असतो, पण वर्षानुवर्षे ज्यात कागदपत्रे टंकित झाली तो ‘मंगल’ तसेच ‘कोकिळा’, ‘अपराजिता’ हे फाँट ऐच्छिक घटकांत गेले. इंग्रजी विंडोजवरून काढलेल्या इमेजमध्ये ते नसतात. तेव्हा जुना दस्तऐवज दुसऱ्याच फाँटमध्ये उघडतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि अकरा पानांचा अर्ज बारा पानांचा होऊ शकतो. न्यायालयात पृष्ठक्रमांकानिशी दाखल करायच्या कागदांच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट नव्हे. मूळ संगणकावर मराठी अथवा हिंदी भाषा जोडली की हे फाँट येतात. ते इमेज काढण्यापूर्वीच आणावेत.

युनिकोडपूर्व काळातील ‘शिवाजी’ किंवा श्रीलिपीच्या फाँटांत साठवलेल्या मजकुराची गत याहून वाईट. फाँट नसेल तर तेथे इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोतावळा दिसतो. वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांचे वाचक हा अनुभव विसरलेले नसतील. आधी फाँट उतरवून घ्या, मगच बातमी वाचा, अशी तेव्हाची तऱ्हा होती. असे फाँट इमेजमध्ये टाकताना एक बारीक खोच आहे. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्तींत नुसते ‘इन्स्टॉल’ म्हटले तर फाँट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. इमेज दुसऱ्यांकडे गेल्यावर तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडला पाहिजे.

ई-न्यायालय प्रकल्पात देशभरच्या न्यायालयांसाठी लिनक्सच्या ‘उबंटू’ची खास बेतलेली आवृत्ती वापरात आली आणि खटल्यांच्या नोंदींची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात तयार झाली. लिनक्सची इमेज एका यंत्रावरून दुसऱ्यावर त्या मानाने सुखाने जाते, कारण इंटेल व एएमडीच्या चिपचे ड्रायव्हर गाभ्यातच असतात. अडचण होते ती मूळ यंत्रावर एनव्हिडियाचा खासगी ड्रायव्हर बसवलेला असेल तर, किंवा ‘झॉर्ग डॉट कॉन्फ’ ही जुनी फाइल इमेजसोबत आली तर. सुरू होताना ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला की तात्पुरते चित्र मिळते. मग ती फाइल हलवावी. देवनागरीसाठी ‘लोहित’ फाँट आहे काय, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

एकाच वेळी चाळीस संगणक पुसू नयेत. शनिवारी प्रत्येक प्रकारच्या एका यंत्रावर इमेज उतरवावी, त्यावर एक मराठी दस्तऐवज उघडून छापून पाहावा, दुसरा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडून पाहावा आणि मगच पुढे जावे. दुरुस्त केलेल्या इमेजच्या नावात तारीख घालावी. जुनी इमेज सर्व्हरवर तशीच ठेवायची झाल्यास वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी, नाहीतर सहा महिन्यांनी नवा संगणक आल्यावर नेमकी तीच पुन्हा उतरवली जाते.