बारीक पिन आहे का कुणाकडे?

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा माझी आज्जी एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. मी पुण्यात होते, पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. शेजाऱ्यांबरोबर बोटीत बसताना तिनं आईला फोन केला, "शाळेत नेतायत, पोचले की सांगते" म्हणाली, आणि मग फोन बंद. दोन दिवस बंद. कोणती शाळा हे सांगायचं राहून गेलं होतं.

नंतर कळलं ते असं. शाळेत संध्याकाळी दोन तास जनरेटर चालायचा. एका एक्स्टेन्शन बोर्डाला वायरींचा गुंता लटकलेला. त्यात मायक्रो यूएसबी होत्या, टाइप-सी होत्या, आयफोनच्यासुद्धा दोन होत्या. आज्जीचा फोन नोकियाचा, बटणांचा, दहा-अकरा वर्षं जुना. त्याला लागायची बारीक पिन. एक पोरगा वर्गावर्गातून ओरडत फिरला, "बारीक पिन हाय का कुणाकडं?" कुणाकडंच नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याच पोराला सुचलं. त्यानं आज्जीच्या फोनमधलं सिम काढलं आणि कुणाच्या तरी दुसऱ्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. ते बसलं. सगळे नंबर सिममध्येच होते. आईचा फोन वाजला.

पिन बसली नाही, पण सिम बसलं. तेव्हा मला ह्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आज्जी सापडली एवढंच पुरेसं होतं. पण २०२२मध्ये युरोपियन युनियननं सगळ्या फोनना एकच पोर्ट सक्तीचं केलं आणि आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये वाद पेटला, तेव्हा मी आधी नेहमीप्रमाणे इंजिनिअरांच्या बाजूनं बोलले. पोर्ट कसं असावं हे सरकारी बाबूंनी का ठरवायचं? बोलता बोलता मला ते सिम आठवलं, आणि मी मध्येच गप्प झाले.

सिम बसलं, कारण ते कसं असावं हे युरोपातल्या लोकांनी एकत्र बसून ठरवलं होतं. १९८०च्या दशकात तिथं बहुतेक देशांच्या मोबाइल यंत्रणा वेगवेगळ्या होत्या आणि एका देशाचा फोन सहसा शेजारच्या देशात चालत नसे. १९८७मध्ये १३ देशांच्या टेलिफोन यंत्रणांनी कोपनहेगनमध्ये जीएसएमच्या करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखून ठेवायचा आदेश युरोपनं काढला. अमेरिकेनं ते बाजारावर सोडलं. पुढं जीएसएम जगभर पसरलं आणि सांगलीतल्या आज्जीच्या फोनपर्यंत आलं.

पण ह्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. अमेरिकेनं मोकळीक ठेवल्यामुळे तिथं सीडीएमए उभं राहू शकलं. (आपल्याकडे रिलायन्सच्या पहिल्या फोनमध्ये तेच होतं. घरात कुणाकडे असेल तर आठवेल, त्यातून सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सोयच नव्हती.) वापरायला ते कटकटीचं, पण रेडिओलहरी वाटून घ्यायची त्याची मूळ पद्धत जास्त चांगली होती. इतकी की थ्रीजी आलं तेव्हा खुद्द युरोपनंही तीच पद्धत उचलली. म्हणजे सगळ्या जगानं १९८७मध्ये युरोपचा आदेश पाळला असता, तर पुढची पायरी कदाचित उशिरा आली असती. कँटीनमधला माझा मूळ मुद्दा अगदीच बिनबुडाचा नव्हता.

आता पिनकडे येते.

माझ्या वयाच्या वाचकांना 'जाड पिन' आणि 'बारीक पिन' हे शब्द समजावून सांगायला नकोत. त्याहून लहान असाल तर एवढं समजा, की नोकियाचीच दोन प्रकारची गोल टोकं होती, सॅमसंगची वेगळी, सोनी एरिक्सनची वेगळी आणि मोटोरोलाची आणखी वेगळी. पानटपरीवर एका वायरीला सहा-सात टोकं फुटलेला चार्जर मिळायचा. शिवाय बॅटरी बाहेर काढून चिमट्यात पकडायचा तो लाल-निळे दिवे लुकलुकणारा युनिव्हर्सल चार्जर असायचा. कोणत्याही कमिटीशिवाय बाजारानं काढलेला तो तोडगा, आणि बॅटऱ्या फुगवण्यातही तो पटाईत होता.

युरोपियन कमिशनच्या हिशोबानं २००९च्या सुमारास चार्जरचे ३० प्रकार होते. त्याआधी २००६मध्ये चीननं एक हुशारी केली होती. फोनकडच्या टोकाला हात न लावता त्यांनी भिंतीकडचं टोक ठरवून दिलं. ॲडाप्टरला यूएसबीचं चपटं तोंड असलंच पाहिजे, वायर कुठलीही लावा. ॲडाप्टर आणि वायर वेगळे होण्यात ह्या नियमाचा मोठा वाटा आहे आणि त्याचं श्रेय त्याला फारसं कुणी देत नाही.

युरोपनं फोनकडचं टोक धरलं. तेव्हाचे उद्योग आयुक्त ग्युंटर फेरहॉयगेन यांनी कंपन्यांना सांगितलं, की तुम्ही आपापसात ठरवा, नाहीतर आम्ही कायदा करू. जून २००९मध्ये नोकिया, सॅमसंग, मोटोरोला, ॲपल अशा बड्या कंपन्यांनी मायक्रो यूएसबीच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. काही वर्षांत ३० प्रकारांचे ३ झाले. 'सक्तीची गरजच नव्हती, बाजारानं आपण होऊन केलं' असं म्हणणारे हाच आकडा पुढं करतात. डोक्यावर काठी धरून करून घेतलेल्या गोष्टीला 'आपण होऊन' म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

करारात एक फट होती. स्वतःचं पोर्ट ठेवायचं असेल तर ठेवा, फक्त जोडतुकडा उपलब्ध करून द्या. ॲपल त्या फटीतून बाहेर पडलं. सप्टेंबर २०१२मध्ये आयफोन ५बरोबर लाइटनिंग पोर्ट आलं. खरं सांगायचं तर ते मायक्रो यूएसबीपेक्षा किती तरी चांगलं होतं. कसंही घाला, बसायचं. मायक्रो यूएसबी मात्र अंधारात एकदा सुलट, एकदा उलट आणि पुन्हा एकदा सुलट केल्याशिवाय आत जायची नाही. यूएसबीचे एक जनक अजय भट्ट (मूळचे बडोद्याचे, मग इंटेलमध्ये) यांनी सांगितलंय, की दोन्ही बाजूंनी बसणारं तोंड करायचं तर तारा दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता. १९९६मध्ये वाचवलेल्या त्या पैशांची किंमत आपण सगळ्यांनी पुढची वीस वर्षं अंधारात मोजली. ऑगस्ट २०१४मध्ये टाइप-सीचं स्पेसिफिकेशन प्रसिद्ध झालं, २४ पिनांचं, दोन्हीकडून बसणारं. त्याच्या घडणीत ॲपलचेही इंजिनिअर होते.

इथं मला खरा प्रश्न दिसतो. युरोपनं २००९मध्ये करार न करता मायक्रो यूएसबीचा कडक कायदा केला असता तर? तर बहुधा आज आपण त्याच चिमुकल्या तोंडाशी झटापट करत असतो. आपल्या भिंतीवरचं तीन गोल भोकांचं सॉकेट बघा. ते ब्रिटिशांच्या जुन्या मानकावरून आलेलं. त्यांनी स्वतः १९४७पासून चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग आणला. आपल्याकडे जुनंच राहिलं, कारण तोवर ते भिंतीत गेलं होतं. साऱ्या जगासाठी एकच प्लग असावा म्हणून १९८६मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही निघालं. ब्राझील, दक्षिण आफ्रिका असे मोजके देश सोडले तर कुणी ढुंकून पाहिलं नाही. घाईत ठरवलं तर वाईट गोष्ट गळ्यात पडते आणि उशीर केला तर भिंती फोडाव्या लागतात.

भिंती फोडण्यावरून आजोबांची आठवण येते. ते मिरज स्टेशनात पार्सल ऑफिसात होते. सत्तरच्या दशकात मिरजेत पुण्याकडून ब्रॉडगेज यायची, बेळगावकडून मीटरगेज आणि पंढरपूरकडून बार्शी लाइटची नॅरोगेज. १६७६ मिलिमीटर, १००० मिलिमीटर आणि ७६२ मिलिमीटर, सगळे एका गावात. एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत जायचा तो हमालांच्या पाठीवरून. आजोबा म्हणायचे, तीन रुळांमुळं आमच्या अर्ध्या गावाची चूल पेटते. डलहौसीनं ठरवलेली ब्रॉडगेज महाग पडते म्हणून १८७०मध्ये मेयोनं मीटरगेज आणली. तेव्हा ती बचतच होती. तिचं बिल १९९२मध्ये युनिगेज प्रकल्प सुरू झाल्यावर आलं. हजारो किलोमीटर रूळ उखडून पुन्हा टाकायचे. आणि मिरजेच्या त्या हमालांचं पुढं काय झालं हे मी आजोबांना कधी विचारलं नाही.

ब्रिटननं १८४६मध्येच गेजचा कायदा केला होता, पण त्यातही ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सात फुटी रुळांना सूट होती. ते रूळ पूर्णपणे जायला १८९२ उजाडलं. लाइटनिंग जायला त्या मानानं ११ वर्षंच लागली.

पण मला पुरतं फिरवलं ते बाल्टिमोरच्या आगीनं. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. शहराच्या व्यापारी भागात आग लागली आणि मदतीसाठी तारा गेल्या. वॉशिंग्टनचे बंब रेल्वेवर चढवून काही तासांत पोचले. पाठोपाठ फिलाडेल्फियाचे आले, न्यू यॉर्कचे आले. माणसं होती, बंब होते, पाणी होतं. पण बाहेरच्या बंबांचे पाइप बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे. जवानांनी सांध्याला कॅनव्हास गुंडाळून पाहिलं. निम्मं पाणी तिथूनच उडून जायचं. साधारण तीस तासांत दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या. नंतर सरकारी मानक संस्थेनं देशभरातले नमुने गोळा केले तेव्हा पाइपांच्या जोडांचे सहाशेहून जास्त प्रकार निघाले.

पुढच्याच वर्षी राष्ट्रीय मानक ठरलं. पण ऐच्छिक. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं. ऑक्टोबर १९९१मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्या पेटल्या. शेजारच्या शहरांचे बंब धावून आले तर ओकलंडच्या हायड्रंटची तोंडं तीन इंची आणि त्यांचे पाइप अडीच इंची. २५ माणसं गेली. सगळी काही पाइपांमुळे नाही, वारा भयंकर होता. पण ८७ वर्षांनंतरही जोडतुकडे शोधायची वेळ आलीच. २००४मध्ये पाहणी झाली तेव्हासुद्धा अमेरिकेतल्या मोठ्या शहरांपैकी निम्म्यांहून कमी शहरांत राष्ट्रीय मानकाचे हायड्रंट होते.

हे वाचलं तेव्हा तो बोर्ड आठवला, शाळेतला. वीज होती, फोन होता, माणसं मदतीला होती.

युरोपियन संसदेनं ४ ऑक्टोबर २०२२ला ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा संमत केला. २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅब, कॅमेरे, हेडफोन वगैरेंना टाइप-सी सक्तीचं झालं. लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ची मुदत मिळाली. सक्तीनं शोध खुंटतील, असं ॲपलचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२३मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. वापरात नसलेल्या चार्जरचा युरोपात वर्षाला ११ हजार टन कचरा होतो असा कमिशनचा अंदाज आहे. जुन्या लाइटनिंग वायरी त्यात भर घालतील हेही खरं, पण ती एकदाच. तंत्र बदललं तर कमिशनला कायद्यातलं मानक बदलता येईल अशी तरतूद ठेवली आहे. ती वेळेवर वापरली जाईल की नाही, ह्याची मला थोडी धाकधूक आहे.

इंजिनिअर म्हणून आणखी एक कुरबुर. तोंड एक झालं म्हणजे वायर एक झाली असं नाही. साध्या आयफोन १५चं पोर्ट सेकंदाला ४८० मेगाबिट देतं आणि त्याच आकाराचं प्रो मॉडेलचं १० गिगाबिट. यूएसबी-ए ते सी वायरीत ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असावा लागतो. स्वस्त वायरींत १० किलोओहमचा घालायचे, म्हणजे फोनला वाटायचं समोर तीन अँपिअर देणारा चार्जर आहे, आणि तो तेवढे ओढायला जायचा. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लिउंग एकेक वायर विकत घेऊन तपासत होते. २०१६मध्ये एका वायरीत तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप जळाला. दोन पैशांचा रेझिस्टर. कायद्याला आकार दिसतो, रेझिस्टर कुणीतरी उघडून बघावा लागतो. तरीही आता कँटीनमध्ये मी सक्तीच्या बाजूनं भांडते. फक्त ती मायक्रो यूएसबीच्या वेळी झाली नाही ह्याबद्दल मनात आभारही मानते.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२मध्ये ग्राहक व्यवहार खात्याच्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब, लॅपटॉपना टाइप-सी असावं ह्यावर एकमत झालं आणि जानेवारी २०२३मध्ये बीआयएसनं टाइप-सीचं भारतीय मानक प्रसिद्ध केलं. बटणांच्या फोनचा विचार त्या चर्चेत वेगळा ठेवला गेला. ते फोन स्वस्तात द्यायचे असतात, एका पोर्टचे चार पैसे वाढले तरी ते गिऱ्हाइकाच्या खिशावर येतात, हे मला समजतं.

पुरानंतर मी आज्जीला नवा फोन घेऊन दिला. स्मार्टफोन नको म्हणाली, बटणंच हवीत. त्याला मायक्रो यूएसबी आहे. आता घरात तसलं चार्जिंग लागणारी तेवढी एकच वस्तू उरली आहे. म्हणून गेल्या दिवाळीत मी तिला तसल्या चार वायरी नेऊन दिल्या. तिनं एक देव्हाऱ्याच्या खणात ठेवली, एक शेजारी दिली, एक पिशवीत, आणि चौथी त्या शाळेच्या शिपायाकडे नेऊन दिली.