बिनमहत्त्वाचं बोलणं : हौशी रेडिओ आणि आठवड्याचा प्रश्न

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, की रेडिओवरच्या कोड्यांचा कसला आलाय इतिहास? प्रश्न रास्त आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू या.

हौशी रेडिओ, म्हणजे आपण ज्याला 'हॅम रेडिओ' म्हणतो, त्यात माणूस सरकारची परीक्षा देतो, परवाना घेतो आणि स्वतःच्या घरातून स्वतःच्या संचावर बोलतो. 'हौशी' हा आपला शब्द फार नेमका आहे. हौशी रंगभूमी म्हणतो ना आपण, तसंच. यात पैसा मिळत नाही, आणि मिळवायचाही नाही, कारण कायद्याने तशी मनाई आहे. ही मंडळी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात. या जमण्याला 'नेट' म्हणतात. इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासूनचा शब्द आहे हा.

नेटला एक सूत्रधार असतो, त्याला नेट कंट्रोल म्हणतात. तो एकेकाला नावाने नाही, तर कॉल साइनने हाक मारतो. हे बोलणं फोनसारखं नसतं. माईकचं बटण दाबलं की तुम्ही बोलता, पण त्या वेळात तुम्हाला काहीही ऐकू येत नाही. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. म्हणून पाळी सांभाळावी लागते. आपल्याकडे लग्नघरात किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे कधीच जमत नाही, ते इथे जमवावंच लागतं.

जगभरातल्या अनेक क्लबांच्या साप्ताहिक नेटवर एक प्रथा आहे, आठवड्याच्या प्रश्नाची. सूत्रधार एक प्रश्न टाकतो. भारतातला पहिला परवानाधारक हौशी कोण? अंतराळातून हॅम रेडिओवर पहिल्यांदा कोण बोललं? मग ज्याची पाळी येईल त्याने उत्तर द्यायचं, आणि बरोबर उत्तर शेवटी जाहीर करायचं. बक्षीस काही नाही. फार तर शाबासकी.

आता तुम्ही म्हणाल, उत्तर तर खिशातल्या फोनवर अर्ध्या मिनिटात सापडतं. मग लोक दर आठवड्याला संच लावून हे का करतात? त्यासाठी आधी कायदा काय म्हणतो ते पाहावं लागेल.

आपल्याकडे तारेवरची मक्तेदारी सरकारकडेच ठेवली १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने. बिनतारी संच बाळगण्यावर परवान्याचं बंधन घातलं १९३३ च्या कायद्याने. आणि हौशी लोकांनी काय बोलावं, याचा आंतरराष्ट्रीय नियम त्याआधीच, १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरला होता. त्याचा आशय असा, की या मंडळींनी आपल्या प्रयोगांबद्दल बोलावं, आणि खाजगी बोलायचंच असेल तर ते इतकं बिनमहत्त्वाचं असावं, की त्यासाठी सरकारी तारेवर पैसे खर्च करणं कुणाला योग्य वाटू नये. गंमत नाही, खरोखर 'बिनमहत्त्वाचं' अशा अर्थाचाच शब्द नियमात होता. आपल्या १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांतही हाच भाव आहे.

कारण उघड होतं. महत्त्वाचा निरोप असेल तर तार करा, म्हणजे खात्याला पैसे मिळतील. तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवणं, धंद्याचं बोलणं, गाणी, बातम्या, राजकारण, सगळं बाद. उरलं काय? हवा कशी आहे, अँटेना कुठे बांधली, तुमचा आवाज किती स्पष्ट येतोय, आणि हो, एखादं कोडं. म्हणजे आठवड्याचा प्रश्न ही नुसती करमणूक नव्हती. कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या चिंचोळ्या जागेत बसणारी गोष्ट होती ती.

काय बिनमहत्त्वाचं, हे सरकारने ठरवण्याची सवय फक्त हौशी रेडिओपुरती नव्हती. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ, केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मान मिळाला, तो चांगलाच, पण सिनेगीतं मागे पडली. ती ऐकायला लोक रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ ला तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सुरुवातीला ती एक स्पर्धाच होती. सात गाणी लागायची आणि श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवायचा. बक्षीस शंभर रुपये. पन्नासेक पत्रं येतील असा अंदाज होता, आणि पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार आली, असं सयानी स्वतः पुढे सांगत असत.

इथे एक फरक लक्षात घ्या. गीतमालेत प्रश्न हवेतून यायचा, पण उत्तर पोस्टाने जायचं. श्रोत्याला आवाज नव्हता, त्याच्याकडे होतं एक पोस्टकार्ड. हौशींच्या नेटवर प्रश्न हवेतून येतो आणि उत्तरही हवेतूनच जातं. देशात सामान्य नागरिकाला स्वतःच्या आवाजात हवेवर बोलता येईल अशा जागा फारच थोड्या होत्या, त्यांतली ही एक.

आता या प्रश्नांकडे इतिहासाच्या बाजूने बघू. हे प्रश्न म्हणजे एका अर्थी समाजाची आठवण असते. क्लबातला नवा मुलगा पुस्तक वाचत नाही, पण नेटवर ऐकून त्याला कळतं की १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना '२जेके' हा कॉल साइन मिळाला, आणि त्याच वर्षी मुकुल बोस '२एचक्यू' झाले. त्याला कळतं की १५ मे १९४८ ला महू इथल्या सिग्नल्सच्या लष्करी शाळेत देशातली पहिली हौशी संस्था सुरू झाली. राजीव गांधी 'व्हीयू२आरजी' होते, हेही त्याला कळतं. पण या आठवणीत एक धोका आहे. तो मी एका प्रश्नाने दाखवतो.

प्रश्न असा : १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओला ट्रान्समीटर बांधून देणारा हौशी कोण?

उत्तर : नरिमन प्रिंटर. अगदी बरोबर, गुण मिळाले. पण पुढे?

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, तेव्हा सरकारने हौशींना आपापले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला लावले. नवे परवाने बंद झाले. म्हणजे काल ज्यांना फक्त बिनमहत्त्वाचं बोलायला परवानगी होती, ते महत्त्वाचंही बोलू शकतील, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. मुंबईत रेडिओ तंत्र शिकवणाऱ्या प्रिंटर यांच्याकडे ती विद्या होती. ऑगस्टमध्ये 'छोडो भारत' सुरू झालं, आणि २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर उषा मेहतांचा आवाज ऐकू आला. वर्तमानपत्रं जे छापू शकत नव्हती, ते या केंद्रावरून सांगितलं जायचं. पोलीस मागावर होते, म्हणून केंद्राची जागा सारखी बदलत राहायची. अखेर १२ नोव्हेंबरला धाड पडली. आणि पोलिसांना ठावठिकाणा कुणी दाखवला? पकडले गेलेल्या प्रिंटर यांनीच. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या येरवड्याहून सुटल्या १९४६ मध्ये.

बघा, कोड्याच्या उत्तरात एक नाव बसतं. ज्याने केंद्र उभं केलं त्यानेच ते दाखवून दिलं, हे त्यात बसत नाही. पोलीस कोठडीतल्या माणसाचा न्याय आपण इथे खुर्चीत बसून करू नये, असं मला वाटतं. पण नुसतं 'हौशींनी स्वातंत्र्यलढ्याला रेडिओ दिला' असं म्हणून टाळ्या घेणंही बरोबर नाही. नेटवर हा प्रश्न जरूर विचारावा. फक्त उत्तर आल्यावर सूत्रधाराने म्हणावं, 'ठीक, आता पुढचं कोण सांगतं?' तिथून इतिहास सुरू होतो.

आता नागपूरकडे येऊ. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास, दिवसा लहरी वर आयनांबरावर आपटून काहीशे किलोमीटरवर खाली येतात. नागपूरहून हैदराबाद हवाई अंतराने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई सातशेच्या आसपास, दिल्ली साडेआठशेच्या. देशाच्या मधोमध असल्यामुळे इथल्या माणसाला चारी बाजूंचं ऐकू येण्याची शक्यता चांगली. समजा मुंबईवाल्याला कोलकात्याचं उत्तर नीट पोचलं नाही, तर मधला माणूस म्हणतो, 'थांबा, मी ऐकलंय, मी सांगतो.' याला रिले म्हणतात. अमेरिकेत १९१४ साली हिराम पर्सी मॅक्सिम यांना हार्टफर्डहून स्प्रिंगफिल्डपर्यंत निरोप पोचवता येईना, तेव्हा मधल्या गावातल्या एका हौशीने तो पुढे दिला. त्यातूनच त्यांनी हौशींची 'रिले लीग' स्थापन केली.

आठवड्याच्या कोड्यात नेमका याचाच सराव होतो. दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकणं, अक्षर न अक्षर बरोबर लिहून घेणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणं, ज्याचा आवाज पोचत नाही त्याचा निरोप आपलं काही न घालता पुढे देणं. उत्तर चुकलं तर बिघडत नाही, आणि म्हणूनच तिथे शिकता येतं.

हा सराव कामी येतो केव्हा? १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हौशी मंडळी मदतीला धावली होती. पण सगळ्यांत बोलकं उदाहरण डिसेंबर २००४ चं आहे. हैदराबादच्या संस्थेचा एक चमू भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने पोर्ट ब्लेअरला गेला होता. अंदमानातून हौशी केंद्र अनेक वर्षांनी हवेवर आलं होतं, त्यामुळे जगभरचे लोक त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. तो संपर्क कसा, तर कॉल साइन सांगा, आवाज स्पष्ट येतोय म्हणा, पुढचा घ्या. काही सेकंदांचं काम. याहून बिनमहत्त्वाचं बोलणं शोधून सापडणार नाही. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली, फोन बंद पडले. मग त्याच संचावरून, त्याच अँटेनावरून, त्याच माणसांनी बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर द्यायला सुरुवात केली. माणूस जिवंत आहे एवढं घरी कळवणारे निरोप होते ते.

आंतरराष्ट्रीय नियमातला 'बिनमहत्त्वाचं' हा शब्द २००३ च्या जिनिव्हा परिषदेत गेला, आणि आपत्तीत हौशींनी तिसऱ्यांचे निरोप द्यावेत हे तिथे स्पष्टपणे मान्य झालं. ज्या तारेच्या उत्पन्नासाठी एवढी बंधनं घातली, ती तार आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली. नेट मात्र अजून भरतात.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. नीट चालवलेल्या नेटवर आठवड्याचा प्रश्न हा पहिला प्रश्न नसतो. सूत्रधार सगळ्यांत आधी विचारतो, 'कुणाकडे तातडीचा निरोप आहे का?' आणि बटण सोडून वाट बघतो. बहुतेक आठवड्यांत कुणीच काही बोलत नाही. मग हजेरी, मग गप्पा, मग कोडं. त्या कोड्यासाठी वीस माणसं दर आठवड्याला संच लावून बसतात, म्हणून ज्या आठवड्यात पहिल्या प्रश्नाला उत्तर येतं, त्या आठवड्यात ते ऐकायला कुणीतरी असतं.

तुमच्यापैकी कुणी परवानाधारक इथे असतील, तर त्यांना हौशींच्या भाषेत त्र्याहत्तर, म्हणजे शुभेच्छा. बाकी मंडळींनी प्रश्न विचारावेत, आणि शक्यतो एकेकाने.