टर्मिनलमधील मराठी : अक्षरे ३, घरे ४

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे जुन्या पडदा-कळफलक यंत्राचे काम आजच्या संगणकावर करणारा प्रोग्रॅम. अशा यंत्रांपैकी ‘व्हीटी-१००’ हे १९७८ मध्ये आले. त्याच्या पडद्यावर ८० घरांच्या २४ ओळी असत आणि प्रत्येक घरात एक अक्षर बसे. इंग्रजीला ही व्यवस्था पुरते. रुंद चिनी-जपानी चिन्हांना प्रत्येकी दोन घरे दिली जातात. मराठीची अडचण मात्र निराळी आहे.

‘नांदेड’ आणि ‘लातूर’ या दोन्ही नावांत अक्षरे ३. युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार व अनुस्वार यांना स्वतंत्र संकेतांक असल्याने नांदेडचे ६ आणि लातूरचे ५ संकेतांक होतात. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना अनुक्रमे १८ व १५ बाइट लागतात. केंब्रिजचे मार्कुस कून यांनी रूढ केलेल्या मोजणीनुसार व्यंजनाला व कान्याला प्रत्येकी एक घर मिळते. अनुस्वार, एकाराची मात्रा व ऊकार यांना शून्य. म्हणून दोन्ही नावे ४ घरे व्यापतात.

आता २० घरांचा रकाना बाइट मोजून भरला, तर नांदेडपुढे २ आणि लातूरपुढे ५ मोकळी घरे पडतात. पुढचा रकाना ३ घरांनी सरकतो आणि यादी वाकडी होते.

कर्सरचे स्थान प्रोग्रॅम आणि टर्मिनल हे दोघेही स्वतंत्रपणे मोजतात. हिशेब जुळला नाही, की कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडले जाते दुसरेच. ‘जिल्हा’ या शब्दात तर वेलांटी साठवली जाते ‘ज’नंतर आणि दिसते त्याच्या आधी. शिधापत्रिकेच्या वा मतदारांच्या यादीत एका मात्रेने माणूस बदलतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य कळते.

भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये ‘जिस्ट’ तंत्र जन्मले आणि पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. ‘इस्की’ हे संकेतमानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत (२०२३) देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम आला. मात्र प्रोग्रॅम व टर्मिनल या दोघांनी एकच नियम पाळला, तरच तो उपयोगी.

तोवर रकाने मोकळ्या जागांऐवजी स्वल्पविरामाने वेगळे करावेत आणि नावातील दुरुस्ती टर्मिनलबाहेर, साध्या मजकूर-संपादकात करावी.