मागच्या सीटवरून

१९८४च्या मे महिन्यात, लग्नाला तीन वर्षं झाली त्या संध्याकाळी, आम्ही दोघंच पहिल्यांदा बाहेर जेवायला गेलो. तोवर दोघांनी मिळून जायचं म्हणजे दवाखाना, नाहीतर माझ्या माहेरी धुळ्याला जाणारी एसटी.

सासूबाईंच्या पिढीत खान्देशात नवरा चार पावलं पुढे आणि बाई डोक्यावर पदर घेऊन मागे. लग्नाची तारीख कुणाच्या ध्यानात नसे. बैलगाडी असो की चाळीसगाव-धुळे पॅसेंजर, बरोबर सगळं घर. दोघांपुरतं वाहन म्हणजे सायकल, आणि सुनेने तिच्या कॅरिअरवर बसलेलं घरात चालत नसे. लग्नाचा वाढदिवस बाहेर जाऊन साजरा करायची रीत आमच्याकडे स्कूटरने आणली, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण स्कूटरच्या घडणीत आहे. इटलीत १९४६ साली व्हेस्पा निघाली तीच मुळी चालवणाऱ्याचे कपडे खराब होऊ नयेत, या बेताने. इंजिन पत्र्याखाली, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा. बजाजने ती परवान्यावर आकुर्डीत बनवली, १९७१ साली करार संपला आणि १९७२ साली बजाजची चेतक आली. मागचं चाक झाकलेलं, म्हणून नऊवारी-सहावारी नेसलेली बाई एका अंगाने निर्धास्त बसू शके. मात्र किती स्कूटर बनवायच्या यावर सरकारचं बंधन होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. यांनी नंबर लावला तेव्हा आमचं लग्नही ठरलं नव्हतं. गाडी दारात आली, तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता.

आमच्या जळगावचा मे. ऊन उतरेपर्यंत बाहेर पडायची सोय नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं झोपलं की जा, अन् लवकर या." आम्ही हायवेने धुळ्याच्या दिशेने निघालो, बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडून एका ढाब्यावर थांबलो. खाटांवर सगळे ट्रकवाले, बाई मी एकटीच. मालकाने मुकाट्याने आत टेबल पुसून दिलं. शेवभाजी मागवली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि जाड शेव वेगळ्या वाटीत. ती जेवताना थोडी थोडी घालायची, आधी घातली तर लगदा होतो.

परत येताना पुलाजवळ गाडी बंद पडली. यांनी ती कलती केली, किका मारल्या, उपयोग नाही. मग डिकीतून पाना काढून प्लग खोलला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असायचं, त्यामुळे टोकाला काजळी धरे. मी बॅटरी धरली आणि हे पॉलिश पेपरने प्लग घासत बसले. खाली गिरणेचं कोरडं वाळूचं पात्र. तिथे मी त्यांना म्हटलं, "अहो, मला बी.एड. करायचं आहे." घरात हे बोलायला ना खोली होती, ना वेळ. त्यांनी प्लगवर फुंकर मारली आणि म्हणाले, "आईला मी सांगतो." पुढे मी सव्वीस वर्षं शिकवलं.

स्कूटर बनवणं बंद करणार, असं बजाजने २००९ साली जाहीर केलं. पुढे विजेवरची चेतक आली. तिला ना प्लग, ना काजळी.

जुनं जपण्यावरून आठवलं, माझ्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. दारोदार फिरून त्यांनी जमवलेली जुनी दप्तरं तिथे जपली गेली. स्कूटरवरच्या पहिल्या संध्याकाळचा कागद मात्र कुठल्याच दप्तरात नाही. तुमच्या घरात त्या काळचं जोडपं असेल तर त्यांना विचारा, तारखेसकट लिहून ठेवा. आणि जी मागे बसायची, तिला आधी विचारा.