रोगाचे नाव आणि रोगाचा आकडा

इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, राजे आणि लढाया एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. गोंड राजांच्या परकोटाआड राहणाऱ्या चंद्रपूरकरांचे तसे झाले तर नवल नाही. परंतु आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत तो इस्पितळाच्या कागदावरील एका चौकोनात मावतो. त्या चौकोनात एक इंग्रजी अक्षर व दोन-तीन आकडे असतात, आणि पैसा त्या आकड्यांच्या मागून चालतो.

इंग्लंडात १८३७ साली मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. १८३९ पासून त्या कचेरीत विल्यम फार आकडे जुळवू लागला. त्याची अडचण साधी होती. एकाच दुखण्याला निरनिराळे डॉक्टर निरनिराळी नावे देत. मग बेरीज कशाची करावयाची? पुढे पॅरिसच्या झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी रचली व १८९३ साली शिकागो येथे ती मान्य झाली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची सहावी आवृत्ती काढली, आणि जीव न घेणारी दुखणीही तीत आली. मेलेल्यांच्या मोजणीसाठी निघालेली यादी अशी जिवंतांच्या हिशेबाला लागली. अमेरिकेत १९६६ साली उपचारांनाही क्रमांक मिळाले, आणि १९८३ पासून तेथील वृद्धांच्या सरकारी विम्यात इस्पितळाला रोगाच्या गटाप्रमाणे ठरीव रक्कम मिळू लागली.

आता आपल्या खाणीकडे येऊ. या यादीच्या दहाव्या आवृत्तीत कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाला ‘जे ६०’ हा क्रमांक आहे. थुंकीत जंतू सापडल्याचा उल्लेख नसलेला श्वसनमार्गाचा क्षय ‘ए १६’ खाली जातो. आणि धूळ व क्षय दोन्ही एकत्र असतील तर त्यासाठी ‘जे ६५’ हा वेगळाच क्रमांक राखलेला आहे! यादी करणाऱ्यांना आमच्या माणसाची छाती ठाऊक होती असे म्हणावे लागते. दोन्ही रोगांत खोकला तोच, दम तोच. परंतु क्षय हा कामगाराच्या घरचा समजला जातो आणि धूळ ही मालकाची. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धुळीचे रोग होते. क्षय जडलेला असल्यास अपंगत्वाच्या मुळाशी धूळच आहे हे ठरावे लागे. आमच्याकडे आलेल्या एका कामगाराच्या कागदावर नुसता क्षय लिहिला होता. जमिनीखाली काढलेल्या वर्षांचा त्यात उल्लेखही नव्हता. अर्ज परत आला. डॉक्टरांनी खोटे लिहिले नव्हते, अर्धे लिहिले होते.

गडचिरोलीची गोष्ट निराळी. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतेक सरकारी गोष्टींत शेवटी येतो, पण येथे तो पहिल्या पंक्तीत बसला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार; यादीत ९७२ शस्त्रक्रिया व उपचार, प्रत्येकाला ठरीव दर. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. गरिबाला खिशात हात न घालता शस्त्रक्रिया मिळावी ही गोष्ट लहान नव्हे, आणि आम्ही तिला कमी लेखणार नाही. परंतु क्रमांकाला दर मिळाला तो इस्पितळातील उपचाराचा. भामरागडहून निघालेल्या माणसाच्या सोबत्याची बुडालेली मजुरी कोणत्याच क्रमांकात बसत नव्हती.

आमच्या संघटनेने म्हणून एक साधा रिवाज पाडला आहे. खाणीतला माणूस छाती दाखवायला निघाला की त्याच्या हाती एक चिठ्ठी द्यावयाची. तीवर कोणत्या खाणीत, कोणत्या कामावर आणि किती वर्षे, एवढेच लिहिलेले असते. ती चिठ्ठी तो डॉक्टरांपुढे ठेवतो, आणि केसपेपरवर या तीन गोष्टी उतरल्या की नाही हे खिडकी सोडण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचवून घेतो.