गोळी आणि चूल

१९६३ साली अमेरिकेत 'व्हॅलियम' विक्रीस आले आणि चिंतेवर गोळी घेण्याची सवय घरोघर पोहोचली. पुढे तिचे धोके उमगले. 'एक्सप्रेस स्क्रिप्ट्स' या कंपनीच्या नोंदींत २०१५ ते २०१९ या काळात चिंताशामक औषधांचा वापर १२ टक्क्यांनी घटला होता. पण २०२० च्या मध्य फेब्रुवारीपासून मध्य मार्चपर्यंत, कोविडची वार्ता पसरताच, तो महिनाभरात ३४ टक्क्यांनी वाढला. स्त्रियांत तर जवळजवळ ४० टक्क्यांनी. पुढल्याच आठवड्यात सुमारे ३३ लाख अमेरिकन कामगारांनी बेकारभत्त्यासाठी अर्ज केले.

कामगारांत आयुष्य घालवलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. टाळे लागण्याआधीच भीती गिरणीत शिरते. गोळीची निंदा आम्ही करणार नाही. ती रात्र निभावून नेते. परंतु सकाळी चूल पेटवायला कामच लागते, आणि तो इलाज डॉक्टरांच्या हाती नसतो.