येसकराची काठी, अमीनाची काठी

आमच्या पूर्णेत म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारलं तर तो सांगायचा, "पोलिस ॲक्शनच्या आदी दोन वर्सं." इसवी सन त्याला ठाऊक नसायचं. एवढा पोलिस आमच्या हिशेबात घुसलेला. पण पोलिसाचा इतिहास सांगणारे सुरुवात करतात सालारजंगापासून. मी येसकरापासून करतो. बिनपगारी पहिला पोलिस तोच.

येसकर म्हंजे गावचा महार. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची. नवखा माणूस आला की पाटलाला खबर द्यायची. चोराचा माग काढायचा, सरकारी पैका पोचवायचा, मयताचा सांगावा न्यायचा. बदल्यात शिळी भाकर, सुगीला पेंढ्या. वर बावन्न हक्कांची गोष्ट, बिदरच्या बादशहानं म्हणे दिलेले. मेलेलं ढोर हादेखील त्यातला हक्कच! हातात घुंगराची काठी, पण ज्या वेशीची राखण करायची तिच्या आत त्याला घर नाही. दोस्तहो, असा पोलिस जगात दुसरीकडं दाखवा.

सालारजंग 1853 ला निजामाचा दिवाण झाला. तोवर मुलखात अरब-रोहिल्यांच्या टोळ्यांचा जोर. त्यानं 1865 ला जिल्हाबंदी केली, पगारी पोलिस उभे केले. जिल्ह्याला मोहतमीम, त्याच्या हाताखाली अमीन, मग जमादार, मग जवान. कागद आधी फारसीत, 1880 नंतरच्या दशकात उर्दूत. गावात पाटील दोन, वसुलीचा माली पाटील आणि चौकशीचा पोलिस पाटील. ह्या सगळ्या शिडीच्या तळाला येसकर तिथंच राहिला. शिडी नवी, तळ जुनाच.

माझा पणजा येसकर होता. आजा सांगायचा, अमीनसाब दौऱ्यावर आला की घोड्याला वैरण, चुलीला सरपण, कोंबडी, सगळं येसकरानं जमवायचं, फुकट. आन् चोरी झाली तर पहिला मार त्यालाच, "तू राखणीला व्हतास ना?" म्हणून. फिर्याद उर्दूत लिहिली जायची. पणज्याचा अंगठा कशावर उठला हे त्याला कधी कळलंच नाही.

तिकडं इंग्रजी मुलखात 1890 नंतर महारांना पलटणीचं दार बंद झालं होतं. 1928 ला सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी लष्कराबरोबर पोलिसातही भरतीचा हक्क मागितला. त्याच साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. म्हंजे फुकटची काठी खाली ठेवायची आणि पगाराची हातात घ्यायची, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकदमच मागितल्या. आमच्याकडचे लोक मात्र निजामाच्या मुलखात.

13 सप्टेंबर 1948 ला ॲक्शन सुरू झाली, पाच दिवसांत आटोपली. नाव पोलिसाचं, आलं लष्कर, रणगाड्यांसकट. रझाकारांनी गावं जाळली होती, माणसं मारली होती, ते खरंच. पण त्यानंतर मुसलमान गरिबांची जी कत्तल झाली तीही खरी. सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजार धरला, आणि तो अहवाल 2013 पर्यंत लोकांपुढं आला नाही. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड सगळ्यात जास्त होरपळले. नांदेड इथून रेल्वेनं किती लांब? बसल्या जागी दम लागत नाही तोवर येतं.

1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, अमीनाचा इन्स्पेक्टर झाला. पिढीजात पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली, 1967 च्या कायद्यानं पोलिस पाटील नेमणुकीचा झाला. आणि गंमत बघा. हैदराबादेत कोतवाल म्हंजे शहराचा पोलिसप्रमुख. 1920 ते 1934 राजा बहादूर वेंकटराम रेड्डी तिथं कोतवाल होते, केवढा दरारा! इकडं वतनं गेल्यावर महाराच्या जागी जो गावनोकर आला त्यालाही नाव दिलं कोतवाल. तो तलाठ्याची दप्तरं वाहायचा.

आता अनुसूचित जातींना भरतीत तेरा टक्के जागा आहेत. आमची पोरं खाकीत दिसतात, माय-बाप फोटो काढून भिंतीला लावतात. त्याच भिंतीवर मला दुसऱ्या तारखा दिसतात. 11 जुलै 1997, घाटकोपरची रमाबाई नगर, राज्य राखीव दलाचा गोळीबार, दहा मेले. 10 डिसेंबर 2024, परभणी स्टेशनासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड. मग बंद, मग धरपकड. 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मेला. तो कायदा शिकत होता.

माझा धाकटा भाऊ भरतीची तयारी करतो. उंची 165 सेंटिमीटर लागते, ती आहे. छाती 79 आणि फुगवून पाच जास्त, तीही भरते. परवा मी गिरणीतून तिसरी पाळी करून आलो तर तो रुळाकडच्या मैदानावर निघालेला. म्हटलं, "भरती झालास आन् तुला परभणीत बंदोबस्ताला उभं केलं तर?"

लेस बांधत तो म्हणाला, "दादा, मग काय आपल्यातलं कुणीच तिथं नसावं का?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याच्यासोबत गेलो, मोबाइलवर वेळ लावली. सोळाशे मीटरला साडेपाच मिनिटं लागली. पैकीच्या पैकी गुणांना पाच मिनिटं दहा सेकंदांत यावं लागतं. अजून वीस सेकंद कमी करायचीत.